सही शिकवणाऱ्या बाई

माझ्या सातवीच्या प्रगतीपुस्तकावर आईची सही आहे. वर बाबांच्या दोन सह्या, एका झटक्यात मारलेल्या, खाली लांब शेपूट सोडलेल्या, आणि तिसऱ्या चाचणीपासून पुढं आईची. आईच्या सहीत प्रत्येक अक्षराला आपली आपली वेगळी रेघ आहे, एक वर एक खाली, मधलं जोडाक्षर जमलं नाही म्हणून तिथं पेन दोनदा फिरवलेला दिसतो, आणि शेवटची वेलांटी रकान्याच्या बाहेर जाऊन पार वर्गशिक्षकांच्या सहीला टेकलीय. ही एक सही करायला किती वेळ लागला ते मला पक्कं आठवतं कारण लाईट गेली होती आणि मी शेजारी चिमणी धरून बसले होते, आई जीभ दातात धरून लिहीत होती आणि चुलीवर आमटी उतू गेली तरी उठली नाही.

वर्गशिक्षकांच्या रकान्यात सही आहे ती आमच्या बाईंची. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. आणि गावात तरी त्यांना नावानं कोण ओळखतं, बाई म्हटलं की त्याच. पालकाची सही म्हणजे बापाचीच सही असं कुठं लिहिलंय ते मला दाखवा, असं त्यांनी त्या वर्षी पालकसभेत उभं राहून विचारलं होतं आणि कुणालाच दाखवता आलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, पुढच्या चाचणीला मला सगळ्या आयांच्या सह्या पाहिजेत. मागून कुणीतरी म्हणालं, बाई, अंगठा चालंल काय? बाई म्हणाल्या, नाही चालणार, मी शिकवते.

तिथून सगळं सुरू झालं.

आमचं गाव बेळगावपासून दहा-बारा किलोमीटरवर, मार्कंडेय नदीच्या काठाला. भात, मसूर, बटाटा, रताळी, आणि भाजीपाला घेऊन पहाटेच्या गाडीनं मार्केटला जाणाऱ्या बायका. शाळा सरकारी, मराठी. बाई मूळच्या खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या, १९७८ ला आमच्याकडं आल्या तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या, आणि मधली दोन वर्षं सोडली तर रिटायर होईपर्यंत आमच्याच शाळेत राहिल्या. ती मधली दोन वर्षं कशी आली ते पुढं सांगते.

रात्रीचा वर्ग शाळेच्या व्हरांड्यात भरायचा. देशभर साक्षरतेचं वारं वाहत होतं तो काळ, पण आमच्या व्हरांड्यात ना कुठलं बॅनर होतं ना उद्घाटन, बाईंनी पोरांच्या फुटक्या पाट्या गोळा केल्या आणि नऊ-दहा बायकांना घेऊन बसल्या. जेवणं उरकून, भांडी घासून, पोरं निजवून बायका यायच्या. पावसाळ्यात तर दिवसभर वाकून भाताची रोपं लावून आलेल्या, नखं काळी, बोटं फुगलेली, ती बोटं पेन्सिलीभोवती वळायची नाहीत. बाई मागं जाऊन बसायच्या आणि त्यांचा हात आपल्या हातात धरून गिरवायच्या. अ आ इ ई नंतर, आधी स्वतःचं नाव, असा त्यांचा नियम होता, कारण बाईमाणसाला सगळ्यात आधी स्वतःचं नाव दिसलं पाहिजे, तिनं ते अजून बघितलेलंच नाही, असं त्या म्हणायच्या.

हे ऐकायला साधं वाटतं पण ज्यांनी अंगठा लावणाऱ्या बायका जवळून बघितल्यात त्यांना कळेल. रेशनच्या दुकानात शाईच्या डब्यात अंगठा बुडवायचा, उठवायचा, आणि उरलेली शाई डोक्याच्या केसाला पुसायची. आई असंच करायची. हात पदराला पुसला तर लुगडं खराब होतं, केसात शाई दिसत नाही. सही यायला लागल्यावर आई पहिल्यांदा रेशन घेऊन आली तेव्हा तिनं घरात येऊन मला तो अंगठा दाखवला होता, कोरा.

आता आत्तीचं सांगते.

आत्ती म्हणजे बाबांची बहीण. नवऱ्यानं टाकलेली, लग्नानंतर चार वर्षांत माहेरी परत आलेली आणि तिथून पुढं आमच्याच घरात. गुरांचं शेण-घाण, धुणं, आमच्या सगळ्यांच्या वेण्या, सगळं तिच्याकडं. ती आईबरोबर रात्रीच्या वर्गाला जायची आणि खरं सांगायचं तर आईपेक्षा हुशार होती, महिन्याभरात नाव लिहायला लागली, गावातल्या पाट्या वाचत फिरायची. पुढं वर्ष-दोन वर्षांत आमचे आजोबा गेले. बाराव्यानंतर काही दिवसांनी बाबा आत्तीला घेऊन बेळगावला गेले, रजिस्टर ऑफिसला काम आहे म्हणून. संध्याकाळी परत आली तेव्हा तिच्या हातात नवीन साडी होती आणि चेहरा असा फुललेला की काय सांगू. बाई शाळेला कुलूप लावून बाहेर पडत होत्या, मी बरोबर होते, आत्ती लांबूनच ओरडत आली, "बाई, मी अंगठा लावला नाही हं! साहेब अंगठ्याचा पॅड पुढं सरकवत होता, मी म्हटलं पेन द्या, मला सही येते!"

बाईंनी विचारलं, "कशावर केलीस गे सही?"

"ते काय ठाऊक नाही, कानडीत होतं."

बाई काही बोलल्या नाहीत. कुलपाची किल्ली हातातच राहिली. मला तेव्हा कळलं नाही त्यांना काय झालं, आत्तीलाही कळलं नाही, तिला वाटलं बाई शाबासकी देतील. मग बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाल्या, छान केलीस, आता घरी जा, दमली असशील.

तो हक्कसोडपत्राचा कागद होता. आजोबांच्या जमिनीत, घरात आत्तीचा जो काही हिस्सा होता तो तिनं भावाला सोडला होता, खुशीनं, राजीखुशीनं, तसं त्यात लिहिलेलंच असतं. आणि सोडला होता तो बाईंनी शिकवलेल्या सहीनं.

माझे बाबा वाईट नव्हते. हे मी उगाच सारवासारव म्हणून लिहीत नाही. त्यांनी आत्तीला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात उचलला नाही, आजारपणात दवाखान्यात नेलं. ती शेवटपर्यंत आमच्याच घरात राहिली. पण ती राहिली ते राहू दिलं म्हणून राहिली. दादाचं लग्न झाल्यावर तिचं अंथरूण माजघरातून मागच्या पडवीत गेलं, कुणी सांगितलं नाही, तिनंच उचलून नेलं. ज्या घरात तिचा कायद्यानं हिस्सा होता त्या घरात ती पायरी-पायरीनं मागं सरकत गेली आणि आम्ही सगळ्यांनी ते बघितलं.

बाई नंतर कितीतरी वर्षांनी मला म्हणाल्या की त्या रात्री त्यांना झोप आली नाही. अंगठा असता तर निदान लोक म्हणाले असते, अडाणी होती, फसवली. आता म्हणणार, शिकलेली होती, सही करून दिलीय. मी तिला अर्धीच शिकवली, लिहायला शिकवलं आणि वाचायचं काय ते शिकवलंच नाही.

आणि वाचायचं तरी कशातून? आमच्याकडचा घोळ बाहेरच्यांना लवकर कळत नाही. घरात मराठी, शाळा मराठी, देवळातलं भजन मराठी, पण जमिनीचा उतारा कन्नड, नाडकचेरीतला, म्हणजे महसूलच्या सरकारी ऑफिसातला, अर्ज कन्नड, रजिस्टर ऑफिसातला कागद कन्नड. मराठीतून कागद मिळावेत ही मागणी आमच्याकडं पिढ्यानपिढ्या चालू आहे आणि ती रास्तच आहे, बाईंनाही ती मान्यच होती. पण तोपर्यंत बायका आंधळ्या सह्या करत बसणार काय, हा त्यांचा प्रश्न होता. बाईंना बाजारातलं कन्नड बोलता यायचं, वाचता यायचं नव्हतं. वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यांनी पोरांचं कन्नडचं पहिलीचं पुस्तक घेतलं आणि शाळा सुटल्यावर वर्गात एकट्या बसून बाराखडी गिरवायला लागल्या. आम्ही खिडकीतून बघायचो. बाई पण शिकतात याचं आम्हाला भारी नवल वाटायचं.

मग रात्रीच्या वर्गात नवीन धडा सुरू झाला. सगळं कन्नड शिकवणं शक्य नव्हतं, म्हणून बाईंनी मोजून चार शब्द निवडले. हक्कु. पालु, म्हणजे वाटा. ओप्पिगे, म्हणजे संमती. आणि बिडुगडे, म्हणजे सोडणं, मोकळं करणं. फळ्यावर मोठ्या अक्षरात काढायच्या आणि बायकांना सांगायच्या की वाचू नका, नुसती ओळखायला शिका, जसं मार्केटात आपल्या गावच्या गाडीची पाटी ओळखता तसं. हक्कु आणि बिडुगडे ही दोन चित्रं एका कागदावर शेजारी शेजारी दिसली की पेन खाली ठेवायचा, घरी यायचं आणि मला दाखवायचं. अंगणात राखेनं, काटकीनं बायका ती अक्षरं काढायच्या. गोल गोल, डोक्यावर तुरा असलेली अक्षरं. आमच्या परड्यात आईनं कोळशानं भिंतीवर काढलेलं 'हक्कु' कितीतरी दिवस होतं, पावसानं गेलं शेवटी.

बाई एक गोष्ट नेहमी सांगायच्या आणि ती मला अजून विसरता येत नाही. म्हणायच्या, मराठी आणि कन्नड, दोन्हीकडं हक्क हा शब्द एकच आहे गे, नुसता उकार लागतो. आणि सही पण सहीच.

गावात हे पचणार नव्हतंच. एकदा गावातले एक वडीलधारे शाळेच्या दारात आले, चांगले सभ्य माणूस, सीमालढ्यात तुरुंगात गेलेले. म्हणाले, "काय बाई, मराठी शाळेच्या तुम्ही आनी आमच्या बायकांस्नी कानडी शिकवालाय?"

बाई म्हणाल्या, "मामा, सही तुम्ही त्यांच्याकडनं कानडी कागदावर घेता. मग तो कागद वाचायला शिकवला तर माझं काय चुकलं?"

मामा काहीच बोलले नाहीत. मग बाई म्हणाल्या, आणि हे वाक्य त्यांनी पुढं किती ठिकाणी वापरलं असेल कुणास ठाऊक, "१ नोव्हेंबर १९५६ ला काय झालं ते आपल्या गावातलं शेंबडं पोर पण सांगतं. १७ जून १९५६ ला काय झालं ते सांगता येतं कुणाला?"

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. आणि १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा लागू झाला. बापाच्या पश्चात बापाच्या वाट्यात मुलीला मुलाइतकाच हिस्सा, हे त्या दिवशी हिंदूंसाठी देशभराच्या कायद्यात आलं. त्याच्या आधी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी किती झीज सोसली, १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला त्यातलं एक मोठं कारण हेच बिल रखडवलं गेलं हे होतं, आणि त्या बिलात मुलीचा हिस्सा होता. बाई हे सगळं व्हरांड्यात बसलेल्या बायकांना सांगायच्या, इतिहासाच्या तासासारखं नाही, घरातली गोष्ट सांगावी तसं. आमच्या गावाला हक्क म्हणजे काय ते कुणी शिकवायची गरज नाही. १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला जातो, १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीला जातो, आपल्यावर न विचारता काहीतरी लादलं गेलं याचं दुःख काय असतं ते आमच्या रक्तात आहे. बाईंचं म्हणणं एवढंच होतं की तेच दुःख आपल्या घरातल्या बहिणीला आपण देतोय ते बघा. मला आजही वाटतं की सीमाभागात यापेक्षा नेमकं वाक्य कुणी बोललं नाही. हिवाळ्यात आमच्याकडं गावोगावी साहित्य संमेलनं भरतात, कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, भाषणं होतात, अस्मितेवर होतात, मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण बहिणीच्या सहीवर झालेलं एकही भाषण मला आठवत नाही.

तक्रार गेलीच. बाई शाळा सोडून भलतंच करतात, घरं फोडतात, अशी. चौकशी झाली आणि बाईंची लांबच्या एका शाळेत बदली झाली, ती ही दोन वर्षं. दर रविवारी दोन गाड्या बदलून त्या आमच्या गावात यायच्या आणि वर्ग घ्यायच्या, व्हरांडा मिळाला नाही तर आमच्या परड्यात. बाबांनी एकदा आईला म्हटलं, आपल्या घरात नको हे. आईनं उत्तर दिलं नाही, नुसतं पुढच्या रविवारी सतरंजी अंथरली.

त्याच काळात बाईंनी तो हजेरीपट सुरू केला. शाळेतला जुना, अर्धा कोरा राहिलेला हजेरीपट, लांबट, निळ्या कापडाच्या पाठीचा. त्यात गावातल्या बायकांची नावं, माहेरची आणि सासरची, आणि पुढं खूण. जिनं वाटणी घेतली किंवा निदान सही दिली नाही तिच्यापुढं 'ह'. जिनं सोडली तिच्यापुढं 'गै'. हजर, गैरहजर. पहिलं नाव आत्तीचं होतं आणि त्याच्यापुढं 'गै'.

बाकीची कामं भराभर सांगते कारण ती खूप आहेत आणि प्रत्येकीवर एक लेख होईल. शेतात गड्याला पूर्ण रोजगार आणि बाईला निम्मा, रोप लावणीचं कंबरडं मोडणारं काम सगळं बाईचं असून निम्मा, यावर त्यांनी एका पावसाळ्यात बायकांना तीन दिवस बांधावर बसवलं होतं आणि थोडी वाढ झाली, पूर्ण नाही. पुढं रोजगार हमीची कामं आली आणि तिथं बाईला आणि गड्याला एकच पगार आहे म्हटल्यावर शेतातलं पण बोलणं जरा सोपं झालं. पंचायतीत कर्नाटकात १९८७ च्या मंडल पंचायतीपासूनच बायकांना २५ टक्के जागा होत्या, देशात ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ ला आली त्याच्या कितीतरी आधी, आणि २०१० पासून तर निम्म्या. पण मीटिंगला सदस्याचा नवराच जाऊन बसायचा. बाईंनी आमच्या गावच्या पहिल्या सदस्य बाईला सांगितलं होतं, शिक्का पदराच्या गाठीला बांध, नवरा मागू दे. ती खरंच बांधायची.

पण बाईंचा जीव अडकलेला असायचा तो त्या हजेरीपटात.

१९९४ चं सांगते. आमच्या आक्काचं लग्न त्या वर्षी मे महिन्यात झालं. बाई लग्नाला आल्या होत्या, अक्षता टाकल्या, जेवल्या. कर्नाटकात वारसा कायद्याची दुरुस्ती लागू झाली ३० जुलै १९९४ ला, वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी पण मुलासारखी जन्मानंच हक्कदार, पण त्या दिवसाच्या आधी लग्न झालेल्या मुली सोडून. महाराष्ट्रात तसाच कायदा त्याच वर्षी २२ जूनला. आमच्या सोयरिकी सगळ्या चंदगड-गडहिंग्लजकडं, म्हणजे एकाच घरातल्या सुनेचा हक्क महाराष्ट्राच्या तारखेनं आणि लेकीचा कर्नाटकाच्या, आणि मध्ये सव्वा महिन्याचं अंतर. मे महिन्यात बोहल्यावर चढलेली आक्का दोन्हीकडून बाहेर. बाई ते कात्रण घेऊन आल्या आणि आईजवळ बसून बोटं मोजत होत्या, जून, जुलै, अडीच महिने गे, अडीच महिने थांबला असता तर. लग्न झालं म्हणजे लेक मेली काय, असं त्या बोलल्या ते मला अजून ऐकू येतं.

२००५ ला ते दुरुस्त झालं. ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या देशात, लग्न झालेली असो नसो, मुलगी मुलासारखीच. बाईंनी शाळेत साखर वाटली. पण कायदा बदलला म्हणून गाव बदलत नाही, उलट आमच्याकडं मी बघितलं ते असं की आधी ज्या भावांना बहिणीची सही लागते हे ठाऊकच नव्हतं त्यांनाही आता कळलं, आणि पंचमीला माहेरी आलेल्या बहिणींना दुसऱ्या दिवशी बेळगावला न्यायची रीतच पडली.

आणि इथं माझं येतं.

बाबा २००७ ला गेले. जमीन दोन एकर आठ गुंठे. २००८ च्या पंचमीला आक्का आणि मी माहेरी गेलो, आणि दादा म्हणाला, उद्या जरा बेळगावला जाऊन येऊ, वारसा लावायचा आहे. आम्हाला दोघींना कळलं. मी तर बी.ए. झालेले, शाळेत कन्नड शिकलेले, रात्रीच्या वर्गात बाईंच्या शेजारी बसून पाट्या पुसलेली पोरगी. बॉण्ड रायटरच्या, म्हणजे दस्त लिहून देणाऱ्याच्या, टपरीत आम्ही बाकड्यावर बसलो, दादानं चहा सांगितला, कागद आले. मी वाचले. सगळे वाचले. पहिल्याच ओळीत ते दोन शब्द होते. आणि मी सही केली. तीन ठिकाणी, इथं, इथं आणि इथं.

का केली ते मी सतरा-अठरा वर्षं स्वतःला विचारतेय. दादानं दमदाटी केली नाही. नुसता आदल्या रात्री जेवताना म्हणाला होता, तुम्ही आलात की घर भरल्यासारखं वाटतं. मला भीती वाटली की मी पेन खाली ठेवला तर पुढच्या पंचमीला मला न्यायला कोण येणार नाही. मला चांगली बहीण व्हायचं होतं. आक्कानं माझ्याकडं बघितलं, मी केली म्हणून तिनं पण केली. हे तिचं ओझं पण माझ्यावर आहे.

मग बॉण्ड रायटरनं कागद आईसमोर सरकवला. वारस म्हणून आईची पण सही लागत होती. "आजी, इथं करा."

आईनं पेन घेतला, चष्मा वर केला, आणि वाकून कागदाकडं बघायला लागली. मला वाटलं सहीची जागा शोधतेय. तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळूहळू सरकवत नेलं, आणि एका ठिकाणी थांबली.

"हे बाईंचं ते न्हवं काय गे?"

मी बोलले नाही.

"तू शिकलीस न्हवं कानडी. वाच की."

मी वाचलं. माझी सही खाली ओली होती आणि मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, हक्कु बिडुगडे, आणि पुढचं सगळं. आईनं ऐकून घेतलं, पेनाचं टोपण लावलं, पेन टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मी नंतर बघतो." आमच्याकडं बायका पण 'मी बघतो, मी जातो' असंच बोलतात, बाहेरच्यांना ते विचित्र वाटतं. पण त्या दिवशी ते 'बघतो' मला जेवढं नीट ऐकू आलं तेवढं आधी कधी आलं नव्हतं.

तिनं नंतर पण बघितलं नाही. दादा दोन महिने तिच्याशी धड बोलला नाही, मग बोलायला लागला. उताऱ्यावर आज दादाच्या नावाबरोबर आईचं नाव आहे.

मी बाईंना हे कितीतरी वर्षं सांगितलंच नाही. त्यांच्या बेळगावातल्या अनगोळच्या घरावरून जायचे आणि आत जायचे नाही. २०१५ ला सुप्रीम कोर्टाचा तो निकाल आला तेव्हा त्यांचाच फोन आला होता. प्रकाश विरुद्ध फुलवती. वडिलांच्या मिळकतीत वाटणी मागणारा तो दावा १९९२ ला आपल्या बेळगावच्याच कोर्टात लागला होता, तेवीस वर्षं चालला, आणि कोर्टानं म्हटलं, ९ सप्टेंबर २००५ ला बाप जिवंत असला तरच मुलीला २००५ चा कायदा. बाई फोनवर म्हणाल्या, म्हणजे लेकीचा हक्क बापाच्या आयुष्यावर काय? आपल्या बेळगावची बाई गे ती, तेवीस वर्षं झगडली. त्यांचा आवाज मला कधी एवढा थकलेला वाटला नव्हता. मग ११ ऑगस्ट २०२०, कोरोनात सगळे घरात, विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, तीन न्यायाधीशांनी सांगितलं की हक्क जन्मानं आहे, २००५ ला बाप जिवंत असायची गरज नाही. परत फोन. या वेळी त्या हसत होत्या. आणि मग एकदम म्हणाल्या, तुझं काय झालं गे? तुझ्या बाबांना जाऊन किती वर्षं झाली, तू मला सांगितलंच नाहीस.

मी सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसतं विचारलं, गट नंबर काय, किती गुंठे, तारीख काय. फोनवर मला पान उलटल्याचा आवाज आला.

गेल्या पंचमीला आईला घेऊन त्यांच्याकडं गेले. दादा मला न्यायला आला होता, दर वर्षी येतो, आणि ते बघून मला दर वर्षी काहीतरी होतं. गावातून सीबीटीला, म्हणजे बेळगावच्या मोठ्या बसस्टँडला, तिथून अनगोळला. बाईंनी सत्तरी ओलांडलीय, गुडघे दुखतात, पण साडीला अजून तशीच पिन लावलेली. आईसाठी त्यांनी लाडू करून ठेवले होते. दोघी हात हातात घेऊन कितीतरी वेळ नुसत्या बसल्या. मग आई म्हणाली, "बाई, ते पुस्तक हाय काय अजून?"

बाईंनी कपाटातून हजेरीपट काढला. निळं कापड विटून पांढरं झालंय. आई स्वतःचं नाव शोधत होती, बोट फिरवत, आणि सापडलं. पुढं 'ह'. ती त्यावर बोट ठेवून बसली. मग बोट खाली सरकलं.

"आनी हिचं?"

"हिचं 'गै' आहे," बाई म्हणाल्या.

"पुसता येतंय काय ते?"

बाईंनी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पेननं लिहिलंय."

परत येताना गाडीत गर्दी होती, पंचमीची, सगळ्या बायका, फुकटच्या प्रवासाची शक्ती योजना २०२३ ला आल्यापासून असतेच. कंडक्टरनं आधार कार्ड बघून आम्हाला दोन शून्याची तिकिटं दिली. आईनं तिचं तिकीट घडी करून पिशवीत ठेवलं, ती सगळी जपून ठेवते. मार्कंडेयचा पूल आला, दोन्हीकडं भात पोपटी झालेलं, आमच्या शेताचा बांध लांबून दिसायला लागला तशी आई खिडकीकडं बघत म्हणाली,

"किती होतं गे तुझं?"

"बावीस गुंठे."

"होय," आई म्हणाली. "माझं पन बावीस."

आणि तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली, पुढचा स्टॉप आमचा होता.